गेमच्या कॉन्फिग फाइलमध्ये हाताने बदल करण्यातील धोके : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संगणकावरील गेमच्या कॉन्फिग फाइल नोटपॅडमध्ये उघडून बदलणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न स्कायरिम, काउंटर-स्ट्राइक आणि माइनक्राफ्ट यांच्याविषयी असतात, म्हणून उदाहरणेही मुख्यतः त्यांचीच घेतली आहेत. वाचायला सोपे जावे म्हणून या पानावर सेटिंगांची नावे आणि आकडे देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये नावे रोमन लिपीत, मूळ स्पेलिंगप्रमाणे असतात आणि आकडेही इंग्रजीच लागतात. त्याचे कारण प्रश्न ६ मध्ये आले आहे.

१. कॉन्फिग फाइल म्हणजे नेमके काय, आणि ती सापडते कुठे?

गेम सुरू होताना ज्या फाइलमधून स्क्रीनचे रिझोल्यूशन, सावल्यांचा दर्जा, आवाज, माउसचा वेग, कुठली कळ काय करते अशा गोष्टी वाचून घेतो, ती कॉन्फिग फाइल. बहुतेक वेळा ती साध्या मजकुराची असते, त्यामुळे कुठल्याही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते. २०११ चा स्कायरिम आपल्या दोन आयएनआय फाइल (एकेका ओळीत एकेक सेटिंग असलेल्या मजकुराच्या फाइल) डॉक्युमेंट्समधील माय गेम्स या फोल्डरमध्ये ठेवतो. अनरियल इंजिनवरचे बरेच गेम त्या अ‍ॅपडेटा या लपवलेल्या फोल्डरात खोलवर ठेवतात, काउंटर-स्ट्राइकचे स्वतःचे सीएफजी फोल्डर असते, तर माइनक्राफ्टची ऑप्शन्स नावाची साधी टेक्स्ट फाइल असते. काही गेम मात्र सेटिंग विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या सेटिंगांच्या साठ्यात, ठेवतात. युनिटी इंजिनवरच्या गेममध्ये हे वरचेवर आढळते. रजिस्ट्रीत हात घालण्याचे धोके वेगळे आहेत आणि त्यांचा विचार येथे केलेला नाही.

२. मेनूमधून सेटिंग बदलणे आणि तीच फाइलमध्ये बदलणे, यात फरक तो काय?

मेनूमध्ये गेम बनवणाऱ्याने घातलेल्या मर्यादा असतात. सावलीसाठी चार पर्याय दिले असतील, तर त्या चारांची चाचणी कोणीतरी घेतलेली असते. फाइलमध्ये अशी मर्यादा नसते. तिथे ४०९६ च्या जागी ४०९६० लिहिले तरी फाइल ते मुकाट्याने ठेवून घेते, आणि गेम त्याचे काय करील हे सुरू केल्यावरच कळते. हाताने केलेल्या बदलाचा मुख्य धोका हाच आहे. चूक ज्या क्षणी होते, त्या क्षणी ती दिसत नाही. कधी ती पुढच्या वेळी गेम उघडताना दिसते, तर कधी चाळीस तासांचा खेळ झाल्यावर (प्रश्न १० पाहा).

३. फाइल बदलल्याने माझा संगणक बिघडू शकतो का?

विंडोज बिघडत नाही. गेमची कॉन्फिग फाइल फक्त त्या गेमपुरती असते. फार तर गेम उघडेनासा होतो, आणि तो पुन्हा कसा उघडायचा ते प्रश्न १२ मध्ये आहे. मॉनिटरला न पेलणारा रिफ्रेश रेट लिहिला, तर आजचे मॉनिटर मर्यादेबाहेर असल्याची सूचना देऊन काळे पडतात, त्यांना इजा होत नाही.

विचार करायचा तो उष्णतेचा. फ्रेमवरची (सेकंदाला पडद्यावर किती चित्रे उमटावीत यावरची) मर्यादा काढली, की ग्राफिक्स कार्ड गरज नसतानाही पूर्ण ताकदीने चालते. अगदी रिकाम्या मेनूवरसुद्धा, कारण साधा मेनू रेखाटायला सोपा असतो आणि कार्ड तो सेकंदाला शेकडो वेळा रेखाटत बसते. २०१० साली स्टारक्राफ्ट २ आला तेव्हा नेमके हेच झाले होते. तेव्हा तो गेम बनवणाऱ्या खुद्द ब्लिझार्डने तात्पुरता उपाय म्हणून व्हेरिएबल्स या टेक्स्ट फाइलमध्ये दोन ओळी घालायला सांगितल्या होत्या : खेळताना ६० फ्रेमची मर्यादा आणि मेनूत ३० फ्रेमची. म्हणजे फाइल हाताने बदलणे हे नेहमीच आडमार्गाचे काम असते असे नाही, कधी कधी तोच अधिकृत उपाय असतो. नीट बनवलेले कार्ड तापले, की स्वतःचा वेग कमी करून स्वतःला वाचवते. तरीही पंख्यात धूळ साचलेला लॅपटॉप आणि नागपूर-चंद्रपूरचा मे महिना अशी गाठ असेल, तर फ्रेमची मर्यादा काढू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

४. बदल करण्याआधी बॅकअप नेमका कशाचा घ्यायचा?

फक्त बदलायच्या फाइलचा घेऊन भागत नाही. कॉन्फिगचे संपूर्ण फोल्डर आणि सेव्हचे (साठवलेल्या खेळाचे) संपूर्ण फोल्डर, दोन्हींची प्रत घ्यावी आणि प्रतीच्या नावात तारीख घालावी. सेव्हची प्रत का, हा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. काही बदल सेव्हमध्ये उतरतात आणि मग जुनी कॉन्फिग परत ठेवूनही पूर्वस्थिती येत नाही, हे त्याचे उत्तर. प्रत त्याच फोल्डरात न ठेवता दुसरीकडे ठेवावी, कारण काही गेम त्या फोल्डरातील प्रत्येक आयएनआय फाइल वाचायला जातात.

त्यानंतर एका वेळी एकच ओळ बदलावी, गेम उघडून दहा मिनिटे खेळावे आणि मगच पुढच्या ओळीला हात लावावा. वीस ओळी एकदम बदलल्यावर गेम बंद पडला, तर दोष कोणत्या ओळीचा हे शोधण्यात अख्खी संध्याकाळ जाते. जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून फरक दाखवणारे विनमर्जसारखे मोफत साधन अशा वेळी फार उपयोगी पडते.

५. फाइलमध्ये बदल केला, सेव्ह केला, पण गेममध्ये काहीच फरक पडत नाही. असे का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याची कारणे अनेक आहेत.

पहिले कारण म्हणजे चुकीची फाइल. स्कायरिममध्ये स्कायरिम आणि स्कायरिमप्रेफ्स अशा दोन आयएनआय फाइल असतात आणि कुठली सेटिंग कुठे वाचली जाईल हे ठरलेले असते. योग्य ओळ चुकीच्या फाइलमध्ये गेली, तर गेम तिच्याकडे पाहतही नाही.

दुसरे, वनड्राइव्ह. विंडोजमध्ये वनड्राइव्हचा बॅकअप सुरू असेल, तर तुमचे डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हच्या आत हलवलेले असते आणि जुन्या जागीही त्याच नावाचे फोल्डर उरलेले असू शकते. तुम्ही एकात लिहिता आणि गेम दुसऱ्यातून वाचतो. फाइलवर उजवे क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये तिचा पूर्ण पत्ता पाहिला, तर याचा उलगडा लगेच होतो. गेम एकदा उघडून बंद केल्यावर कोणत्या प्रतीची बदलाची वेळ पुढे सरकली, तेही पाहावे.

तिसरे, लपवलेले एक्स्टेन्शन. विंडोज फाइलच्या नावाची शेपटी दाखवत नाही, त्यामुळे नोटपॅडमध्ये नवी फाइल बनवली, की तिचे नाव आयएनआयवर न संपता त्यापुढे टीएक्सटी लागलेले असते आणि डोळ्यांना ते दिसत नाही. एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये फाइल नेम एक्स्टेन्शन्स सुरू करून ठेवणे हा यावरचा कायमचा उपाय आहे.

चौथे कारण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. आयएनआय फाइलचे चौकटी कंसातील मथळ्यांनी विभाग पडलेले असतात, जसे डिस्प्ले किंवा जनरल. इंटरनेटवरून उतरवलेल्या ओळी अनेक जण मथळ्यासकट फाइलच्या तळाशी चिकटवतात. आता फाइलमध्ये डिस्प्ले नावाचे दोन विभाग झाले. आयएनआय वाचण्याची विंडोजची मूळ पद्धत पहिला जुळणारा विभाग घेते आणि दुसऱ्याकडे ढुंकूनही पाहत नाही. म्हणून नवी ओळ आधीच असलेल्या विभागातच घालावी, आणि त्या विभागात तीच ओळ आधीपासून आहे का तेही पाहावे.

एवढे तपासूनही फरक पडत नसेल, तर प्रश्न ८, १५ आणि १६ वाचावेत.

६. मी आकडा मराठीत लिहिला तर चालतो का? गेमची खिडकी उघडतच नाही.

चालत नाही. संगणकावर मराठी कळफलक सुरू असताना फाइल उघडली आणि रुंदीच्या ओळीत १९२० देवनागरीत उमटले, तर आपल्या डोळ्यांना तो आकडा योग्य दिसतो. एका वाचकाने पाठवलेल्या फाइलमध्ये नेमकी हीच एक ओळ होती आणि मी स्वतः ती दोनदा वाचून पुढे गेलो होतो, कारण मराठी वाचणाऱ्याला त्यात खटकण्यासारखे काही नव्हते. बहुतेक गेम मात्र मजकुराचा आकडा करण्यासाठी जे जुने फंक्शन वापरतात, त्याला देवनागरी अंक हे अंकच वाटत नाहीत, आणि ते उत्तर शून्य देते. शून्य रुंदीची खिडकी उघडणार कशी?

याच जातीच्या आणखी दोन चुका आहेत. ओळीच्या शेवटी अर्धविराम देऊन स्वतःसाठी टीप लिहिण्याची अनेकांना सवय असते. विंडोजच्या मूळ पद्धतीत ओळ अर्धविरामाने सुरू झाली तरच ती टीप मानली जाते. आकड्यापुढे लिहिलेली टीप हा त्या मूल्याचाच भाग समजला जातो, म्हणून टीप नेहमी स्वतंत्र ओळीवर लिहावी. दुसरी चूक साठवण्याच्या पद्धतीची. २०१९ पासून विंडोज १० चे नोटपॅड नवी फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवते आणि ते सहसा निर्धोक असते. पण साठवताना यूटीएफ-८ विथ बीओएम हा पर्याय निवडला गेला, तर फाइलच्या अगदी सुरुवातीला न दिसणारी खूण बसते आणि पहिल्या विभागाचा मथळा जुना गेम ओळखत नाही. मूळ फाइल ज्या एन्कोडिंगमध्ये होती, त्यातच ती साठवावी.

विंडोजमधील युजरचे नाव देवनागरीत ठेवले असेल, तर काही जुन्या गेमना डॉक्युमेंट्सचा पत्ताच वाचता येत नाही. त्यात कॉन्फिगचा दोष नसतो. गेमसाठी रोमन नावाचे वेगळे खाते बनवावे.

७. एखादे अक्षर चुकले तर गेम तसे सांगत का नाही?

आयएनआय पद्धतीत न ओळखलेली ओळ सोडून देण्याचा रिवाज आहे. नाव चुकले, की गेम त्या सेटिंगचे मूळ मूल्य वापरतो आणि पुढे जातो. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण खेळाडूच्या नव्हे, तर गेम बनवणाऱ्यांच्याच हातून घडले आहे. २०१३ मध्ये आलेल्या एलियन्स : कलोनियल मरीन्स या गेमवर शत्रू फार मठ्ठपणे वागतात अशी टीका झाली होती. त्याच्या पेकनइंजिन या आयएनआय फाइलमधील एका ओळीत ‘टेदर’ या शब्दाच्या रोमन स्पेलिंगमध्ये ‘ए’ हे अक्षर जास्तीचे पडले होते. त्यामुळे शत्रूंनी कुठून चाल करावी हे ठरवणारा कोडचा एक भाग जोडलाच जात नव्हता, आणि गेम तर कुठलीही तक्रार न करता चालत होता. एका हौशी मॉडरने (गेममध्ये स्वतः बदल करणाऱ्याने) ते अक्षर शोधले आणि २०१८ मध्ये ही गोष्ट जगभर पसरली. ते एक अक्षर काढल्यावर शत्रूंच्या हालचाली सुधारल्याचे अनेक खेळाडूंनी नोंदवले. पाच वर्षे फाइल सर्वांच्या डोळ्यांपुढे होती.

एक्सएमएल, जेसन आणि यॅमल या प्रकारच्या फाइलचा स्वभाव उलटा आहे. तिथे एक स्वल्पविराम किंवा बंद करणारा टॅग राहिला, तर संपूर्ण फाइलच वाचता येत नाही. यॅमलमध्ये ओळ आत सरकवायला टॅब कळ चालत नाही, स्पेसच लागतात. माइनक्राफ्टच्या सर्व्हरवर प्लगइन वापरणारे याच कारणाने सर्वाधिक अडतात. मला विचाराल तर ही कडक पद्धत बरी, कारण चूक निदान लगेच तोंड वर काढते.

८. गेम दर वेळी माझा बदल पुसून टाकतो. फाइल रीड-ओन्ली करून टाकू का?

करता येते, म्हणजे मग फाइल वाचता येते पण तिच्यात लिहिता येत नाही. मात्र आधी दोन गोष्टी तपासाव्यात. गेम चालू असताना फाइल बदलली असेल, तर बंद होताना गेम स्वतःकडची मूल्ये त्यावर लिहितो, म्हणून बदल नेहमी गेम आणि लाँचर (गेमच्या आधी उघडणारी खिडकी) दोन्ही बंद करून करावा. तसेच काही गेममध्ये अशा बदलांसाठी वेगळी सोय असते. फॉलआउट ४ आणि स्कायरिम स्पेशल एडिशनमध्ये नावात ‘कस्टम’ असलेली आयएनआय फाइल बनवली, तर तिच्यातील ओळी मूळ फाइलवर मात करतात आणि लाँचर तिला हात लावत नाही. सोय असेल तिथे तीच वापरावी.

रीड-ओन्लीचा तोटा असा, की नंतर गेमच्या मेनूतून आवाज किंवा कळा बदलल्या तरी ते बदल टिकत नाहीत. महिन्याभराने आपण फाइल रीड-ओन्ली केली होती हेच विसरायला होते आणि दोष गेमवर जातो. काही गेम तर फाइलमध्ये लिहिता आले नाही म्हणून अडूनच बसतात.

९. फ्रेमची मर्यादा काढली आणि स्कायरिममधल्या वस्तू हवेत उडायला लागल्या. काय चुकले?

स्कायरिममध्ये आयप्रेझेंटइंटरव्हल ही ओळ ० केली, की पडद्याशी जुळवून घेणे बंद होते आणि फ्रेम ६० च्या वर जातात. अडचण अशी, की या गेममधील वस्तूंच्या हालचालीचे गणित एका फ्रेमला सुमारे एक साठांश सेकंद लागतो असे धरून मांडलेले आहे. फ्रेम १४४ झाल्या, तर ते गणित बिघडते. सुरुवातीला कैद्यांना हेल्गनला नेणारी गाडी रस्त्यावर उसळ्या मारू लागते, खोलीत शिरताच टेबलावरची भांडी उधळतात, आणि एखादी वस्तू अंगावर आदळून जीवही जातो. हॅवॉक विभागातील एफमॅक्सटाइम हे मूल्य ०.०१६६ असते. १४४ फ्रेमसाठी ते ०.००६९ करावे असे सांगितले जाते आणि त्याने फरकही पडतो. पण कमकुवत संगणकावर फ्रेम मध्येच ५० वर घसरल्या, तर हेच कमी केलेले मूल्य पुन्हा चुकीचे ठरते. फ्रेम सतत वर राहतील याची खात्री नसेल, तर ६० ची मर्यादा राहू द्यावी.

१०. ‘यूग्रिड्सटूलोड’ वाढवू नका असे सगळे सांगतात. त्याने नेमके होते काय?

या पानावरील सर्वांत गंभीर धोका हा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

स्कायरिमचे मोकळे जग चौकोनी तुकड्यांत विभागलेले आहे. तुम्ही उभे आहात तो तुकडा मध्यभागी धरून भोवतालचे ५ गुणिले ५, म्हणजे २५ तुकडे गेम पूर्ण तपशिलासह जिवंत ठेवतो. हे मूल्य ७ केले, की ४९ तुकडे जिवंत होतात आणि ९ केले, की ८१. दूरवरचे डोंगर सुरेख दिसतात आणि म्हणूनच मोह होतो. पण तुकडा जिवंत होतो तो केवळ चित्रासाठी नव्हे. त्यातील माणसे, जनावरे आणि प्रसंग घडवणारी स्क्रिप्टही चालू होते. तुम्ही पोहोचल्यावर घडायचा प्रसंग तुम्ही टेकडीपलीकडे असतानाच घडून जातो आणि तुम्हाला फक्त पडलेली प्रेते दिसतात. २०११ चा मूळ गेम ३२ बिटचा असल्याने त्याच्या स्मृतीलाही मर्यादा आहे आणि ती लवकर भरते.

खरा फास पुढे आहे. ७ वर खेळून केलेल्या सेव्हमध्ये त्या ४९ तुकड्यांची स्थिती नोंदवली जाते. क्रॅश वाढले म्हणून तुम्ही आकडा परत ५ करता आणि ती सेव्ह उघडायला जाता, तेव्हा गेम थेट बंद पडतो. माझ्या भाच्याने असेच केले होते. कॉन्फिगचा बॅकअप त्याच्याकडे होता, अगदी तारखेसकट, पण सेव्हचा नव्हता, आणि आकडा बदलल्यापासून जुन्या सेव्ह एकेक करून नव्यांनी झाकल्या गेल्या होत्या. तीन आठवड्यांचा खेळ एका आकड्याला बांधला गेला होता. प्रश्न ४ मधील सेव्हच्या प्रतीचा आग्रह मी त्या दिवसापासून धरतो आहे.

११. आधीच ७ करून बसलो आहे. आता ५ वर परत येता येईल का?

बहुतेक वेळा येते. आधी सर्व सेव्हची प्रत घ्यावी. फाइलमधील आकडा ७ च ठेवून सेव्ह उघडावी आणि एखाद्या घरात किंवा गुहेत, म्हणजे बंदिस्त जागी जावे. तिथे कन्सोल (गेममध्येच आज्ञा टाइप करण्याची खिडकी) उघडून सेटआयएनआय या आज्ञेने हे मूल्य ५ करावे, नंतर सेव्हआयएनआय आणि रिफ्रेशआयएनआय या आज्ञा द्याव्यात, आणि मग नवी सेव्ह करावी. याबरोबर यूएक्स्टीरिअर सेल बफर हे मूल्यही ३६ वर आणावे. ते ग्रिडच्या आकड्यात एक मिळवून येणाऱ्या संख्येचा वर्ग असते, म्हणजे ५ साठी ३६ आणि ७ साठी ६४. गेम बंद करून पुन्हा उघडल्यावर नवी सेव्ह चालली, तरच जुनी टाकून द्यावी. वेळेआधी घडून गेलेले प्रसंग मात्र याने परत येत नाहीत.

१२. गेम उघडतच नाही. कॉन्फिग फाइल सरळ डिलीट केली तर चालेल का?

बहुतेक गेममध्ये चालते. फाइल सापडली नाही, की गेम ती मूळ मूल्यांसह नव्याने बनवतो. स्कायरिमचा लाँचर तर ग्राफिक्स कार्ड पुन्हा ओळखून नव्याने सेटिंग ठरवतो. तरी डिलीट न करता तिचे नाव बदलावे, म्हणजे कळांची जुनी मांडणी हवी असल्यास तिच्यातून उतरवता येते.

येथे दोन गैरसमज आढळतात. गेम विकत घेऊन चालवण्याच्या स्टीम या प्रोग्राममधील ‘व्हेरिफाय इंटिग्रिटी’ हा पर्याय गेम जिथे इन्स्टॉल केला आहे, त्या फोल्डरातील फाइल तपासतो. डॉक्युमेंट्समधील बिघडलेली आयएनआय त्याने दुरुस्त होत नाही. दुसरे म्हणजे, गेम कॉन्फिगही स्टीम क्लाउडवर ठेवत असेल, तर तुम्ही काढलेली बिघडलेली फाइल क्लाउडवरून परत उतरू शकते. अशा वेळी त्या गेमपुरते क्लाउड बंद करून फाइल काढावी, गेम एकदा उघडून बंद करावा आणि मग क्लाउड सुरू करावे. संगणकावरची प्रत ठेवायची की क्लाउडवरची, असे स्टीमने विचारले तर घाईने क्लिक करू नये, कारण त्याच प्रश्नात सेव्हचाही निकाल लागू शकतो.

१३. इंटरनेटवर तयार कॉन्फिग मिळतात. त्या वापरण्यात धोका आहे का?

नुसत्या मजकुराच्या फाइलने व्हायरस येत नाही. पण तिच्यासोबत ईएक्सई, बॅट किंवा रेग फाइल दिलेली असेल, अथवा अँटिव्हायरस बंद करायला सांगितले असेल, तर ते सर्व तिथेच टाकून द्यावे. काउंटर-स्ट्राइकच्या सीएफजी फाइलबाबत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ती सेटिंगांची यादी दिसत असली, तरी प्रत्यक्षात एकामागून एक चालणाऱ्या आज्ञांची यादी असते. तिच्यात ‘अनबाइंडऑल’ असा एक शब्द असला, तरी तुमच्या सर्व कळा मोकळ्या होतात. नामवंत खेळाडूची फाइल घेतली, तरी त्याचा माउस, त्याचा मॉनिटर आणि त्याची सवय त्या फाइलबरोबर येत नाही. तिच्यातील एकेक ओळ समजून घ्यावी आणि पटेल तेवढीच उचलावी.

१४. फाइल बदलल्याबद्दल माझ्या खात्यावर बॅन येईल का?

एकट्याने खेळायच्या गेममध्ये हा प्रश्न येत नाही. ऑनलाइन गेममध्ये तो त्या गेमच्या नियमांवर ठरतो आणि नियम बदलत राहतात. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये कन्सोलवर मोकळ्या ठेवलेल्या आज्ञा सीएफजी फाइलमध्ये लिहिणे पूर्ण वैध आहे. मात्र ऑगस्ट २०२४ मध्ये तो गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्हने एका कळेवर हालचालीच्या किंवा गोळीबाराच्या एकाहून अधिक क्रिया बांधणे आपल्या अधिकृत सर्व्हरवर बंद केले आणि आपोआप हालचाल करणारी साधने आढळल्यास खेळाडूला सामन्यातून काढायला सुरुवात केली. वर्षानुवर्षे चालत आलेली ओळ एका अपडेटने नियमबाह्य झाली.

मोबाइलवरील बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) या गेमविषयीही विचारणा होते. टेलिग्रामवर ‘९० एफपीएस कॉन्फिग’ किंवा ‘आयपॅड व्ह्यू’ या नावाने ज्या फाइल फिरतात, त्या गेमच्या फोल्डरातील मूळ फाइल बदलून टाकतात. कंपनी याला गेममध्ये केलेली अनधिकृत ढवळाढवळ मानते आणि त्यावर खाते बंद होऊ शकते. आयपॅड व्ह्यूने तर मैदानाचा जास्त भाग दिसतो, म्हणजे समोरच्यावर अन्यायच होतो. त्या वापरू नयेत, एवढेच माझे उत्तर आहे.

१५. जुना गेम प्रोग्राम फाइल्समध्ये आहे. फाइलमध्ये एक दिसते आणि गेम दुसरेच वागतो. हे कसे?

२००२ चा मोरोविंड आपली आयएनआय फाइल इन्स्टॉल केलेल्या फोल्डरातच ठेवतो. विंडोज व्हिस्टापासून प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायला अ‍ॅडमिनची परवानगी लागते. जुन्या ३२ बिट गेमला नकार न देता विंडोज त्याने लिहिलेली फाइल गुपचूप व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरात ठेवते आणि पुढे गेमला तीच दाखवते. तुम्ही मात्र मूळ जागची फाइल बदलत राहता. अ‍ॅपडेटामधील लोकल फोल्डरात व्हर्च्युअलस्टोअर शोधून तिथली प्रत काढून टाकावी. गेम प्रोग्राम फाइल्सच्या बाहेर इन्स्टॉल केला, तर हा घोळ मुळातच होत नाही.

१६. मी मॉड ऑर्गनायझर वापरतो, किंवा स्टीम डेकवर खेळतो. मग कुठली फाइल बदलायची?

मॉड (खेळाडूंनी बनवलेले बदल) सांभाळणाऱ्या मॉड ऑर्गनायझर २ मध्ये प्रोफाइलनिहाय आयएनआय हा पर्याय सुरू असेल, तर प्रत्येक प्रोफाइलची स्वतःची आयएनआय असते आणि डॉक्युमेंट्समधील फाइल वापरलीच जात नाही. त्या प्रोग्राममधील आयएनआय एडिटरमधूनच बदल करावा. स्टीम डेक या हातात धरायच्या संगणकावर विंडोज नसते, म्हणून विंडोजचा गेम प्रोटॉन या जुळवून घेणाऱ्या प्रोग्राममधून चालतो आणि त्याचे डॉक्युमेंट्स फोल्डर कॉम्पॅटडेटामध्ये त्या गेमच्या क्रमांकाखाली असते. स्कायरिम स्पेशल एडिशनचा क्रमांक ४८९८३० आहे. कॉन्फिग बिघडली म्हणून ते क्रमांकाचे फोल्डरच काढून टाकण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. त्यात सेव्हही असतात, हे सांगायचे मात्र राहून जाते.

१७. मित्रांसाठी माइनक्राफ्टचा सर्व्हर चालवतो. एक ओळ बदलली आणि सगळ्यांचे सामान गायब झाले. परत मिळेल का?

ती ओळ बहुधा ऑनलाइन-मोड असणार. ती ‘ट्रू’ असताना सर्व्हर प्रत्येक खेळाडूची ओळख अधिकृत खात्याशी पडताळतो. ‘फॉल्स’ केली, की पडताळणी थांबते आणि ओळख क्रमांक केवळ नावावरून बनवला जातो. सामान त्या क्रमांकाच्या फाइलमध्ये साठवलेले असल्याने, क्रमांक बदलला की प्रत्येक जण रिकाम्या हाताने नवा खेळाडू म्हणून येतो. जुन्या फाइल प्लेअरडेटा फोल्डरात शाबूत असतात, त्यामुळे ओळ पुन्हा ‘ट्रू’ केली, की सामान परत दिसते.

पण ‘फॉल्स’चा मोठा धोका सामानाचा नाही. त्या अवस्थेत एखाद्या नावाला ऑपरेटरचा अधिकार दिला, तर ते नाव धारण करून येणाऱ्या कोणालाही तो अधिकार मिळतो. सर्व्हर सुरू होताना लॉगमध्ये असुरक्षित असल्याचा ठळक इशारा देतो, तो याचसाठी. असेच लेव्हल-नेम बदलल्यावर जग नाहीसे झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात त्या नावाचे नवे जग तयार झालेले असते आणि जुने शेजारच्या फोल्डरात असते.

१८. मदतीसाठी माझी कॉन्फिग फाइल पाठवली तर चालेल का?

गेमची पाठवावी, फक्त आधी एकदा वाचून घ्यावी. फाइलमधील पत्त्यांमध्ये विंडोजच्या युजरचे नाव असते आणि अनेकांनी तिथे आपले पूर्ण नाव ठेवलेले असते. सर्व्हरची फाइल मात्र जशीच्या तशी कोणालाही पाठवू नये. आरकॉनचा पासवर्ड तिच्यात उघड्या मजकुरात लिहिलेला असतो आणि तो हाती लागलेला माणूस दुरून तुमच्या सर्व्हरला आज्ञा देऊ शकतो. ती ओळ काढून पाठवावी. अशी फाइल आधीच एखाद्या गटात टाकली गेली असेल, तर ती पुसण्याची वाट न पाहता पासवर्ड आजच बदलावा आणि सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करावा.